वाटणीचा दगड

थोरली सकाळचं पहिलं पाणी स्वतःच्या तोंडात घालत नसे. लग्न होऊन या घरात आली तेव्हापासूनचा तिचा नेम होता. उठायचं, विहिरीवर घागर भरायची, शेताच्या बांधानं चालत प्रार्थनाघरात जायचं, पुढच्या मेजावरची धूळ पुसायची, कोपऱ्यातल्या सुरईत घागर रिकामी करायची आणि गुडघे टेकायचे. मग घरी येऊन घोटभर प्यायचं. अंगात ताप असो की घरात पाहुणे, नेम कधी चुकला नव्हता. चुकला नाही हे ती कुणाला सांगत नसे. पण चुकला नाही हे तिला ठाऊक होतं.

त्या वर्षी आभाळानं हात आखडता घेतला. नदी खडकाखडकातून वाट शोधत होती, आणि नदीवरून येणारा पाट एरवी गुडघाभर वाहायचा तो घोट्यापर्यंत उतरला. त्या पाटावर दोन भावांचे कांदे उभे होते. शेताच्या डोक्याला पाट फुटायचा तिथं दोन तोंडं होती, एक थोरल्याच्या शेताचं, एक धाकट्याच्या. दोन्हीला लाकडी फळ्या. तिसरी वाट सांडव्याची, नको झालेलं पाणी खालच्या खडकाळ रानात सोडून देणारी. आणि मधोमध सासऱ्यांनी रोवलेला दगड.

सासरे पाथरवट होते. शेवटच्या दुखण्यात अंथरुणाला खिळायच्या आधी त्यांनी तो दगड घडवला आणि त्यावर छिन्नीनं कोरलं, सकाळचं पाणी थोरल्याचं, दुपारनंतरचं धाकट्याचं. जो दुसऱ्याचं पाणी फोडेल त्याचं तोंड हंगामभर बंद. मग दोन्ही मुलांना दगडावर हात ठेवायला लावले. "भाऊ आहात म्हणून कोरून ठेवतोय," म्हातारा म्हणाला होता. "परक्यांचं तोंडी भागतं."

त्या सकाळी थोरलीचा नवरा बैल घेऊन नालबंदाकडे गेला होता. शेताला पाणी धरायचं काम तिच्यावर होतं. प्रार्थनाघरातून रिकामी घागर कमरेवर घेऊन ती बांधानं परतली तेव्हा ऊन वर आलं होतं आणि तिचे वाफे कोरडे होते. पलीकडे धाकट्याच्या वाफ्यांत पाणी चमकत होतं. दीर पोटरीपर्यंत चिखलात उभा राहून एका वाफ्याचं दार मोडून दुसऱ्याचं धरत होता.

"भावजी," ती एवढंच म्हणाली.

त्यानं फावडं जमिनीत रोवलं आणि त्याच्या दांड्याकडे बघत राहिला. "वहिनी, काल माझी पाळी आली तेव्हा पाटात पाणीच नव्हतं. रोपांनी माना टाकल्या. म्हटलं, थोडं ओलं करून घेतो."

"मागायचं होतं."

"दादा गावात नव्हता."

"मी होते."

मागितलं असतं तर ती काय म्हणाली असती, हे दोघांनाही माहीत होतं.

बांधावरून सुतार चालला होता. पाटाच्या फळ्या त्यानंच बनवलेल्या, त्यामुळे पाटावरच्या प्रत्येक भांडणात आपला वाटा आहे असं तो धरून चालायचा. थोरलीच्या कोरड्या वाफ्यांकडे, धाकट्याच्या ओल्या वाफ्यांकडे आणि मग दगडाकडे बघून तो म्हणाला, "माझी फळी मजबूत आहे हो. माणसाचं मी काही सांगू शकत नाही." आणि गावाकडे निघाला. आता वेगळी दवंडी पिटायची गरज नव्हती.

संध्याकाळी नवरा आला. बैलाला दावणीला बांधताना त्यानं सगळं ऐकून घेतलं, बैलाचा खूर उचलून नाल नीट बसलाय का ते पाहिलं आणि म्हणाला, "बघू."

"बघू काय? दगड बघा."

"भाऊ आहे."

"म्हणून तर कोरून ठेवलंय. मामंजी काय म्हणाले होते ते विसरलात?" तिचा आवाज चढला नाही. तो कधीच चढत नसे. "आज सोडलं तर उद्या शब्द मोडला म्हणून तुम्हीच चोर ठराल. शब्द दिला तो कशाला मग? मी माझा नेम मोडते का कधी?"

नवऱ्यानं खूर खाली ठेवला. "तू नाही मोडत," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात कौतुक होतं की आणखी काही, ते तिला कळलं नाही.

नुसत्या फळीनं पाणी अडत नाही, फटीतून झिरपतं. हंगामभर बंद ठेवायच्या तोंडाला फळीमागे चिकणमाती थापावी लागते. दुसऱ्या दिवशी ती माती थोरलीनं मळली. त्यात भुसा घातला, पायांनी तुडवली, गोळे केले आणि पाटात उतरून धाकट्याच्या तोंडावर एकेक गोळा थापत गेली. नवरा फळी धरून होता. पलीकडे दीर बांधावर बसला होता. त्यानं अडवलं नाही. त्याची बायको, धाकटी, लेकराला कडेवर घेऊन त्याच्या मागे उभी होती. थोरलीनं शेवटच्या गोळ्यावर तळवा फिरवून माती गुळगुळीत केली. वाईट वाटून घ्यायचं तिला काही कारण दिसलं नाही. काम चोख झालं होतं.

त्यानंतर दुपारचं पाणीही थोरल्याच्या शेतात येऊ लागलं. कांद्याची पात गडद झाली, जाड झाली. एकदा नवऱ्यानं एक कांदा उपटून बोटानं दाबला. "मऊ पडलाय. जास्तीचं पाणी कांद्याला मानवत नाही," तो म्हणाला, आणि दुपारचं पाणी सांडव्याला सोडून दिलं. ते खडकाळ रानात गेलं. तिथली काटेरी झुडपं हिरवीगार झाली.

धाकटी मग विहिरीचं पाणी वाहू लागली. डोक्यावर एक घागर, कमरेवर एक. विहीर ते शेत, शेत ते विहीर. नवरा-बायको आळीपाळीनं घागरी आणायचे आणि वाटीवाटीनं रोपांच्या बुडाशी घालायचे. माणसाला पाजावं तसं. विहिरीवर बायकांनी तिला मागे सरकवायला सुरुवात केली. "तुमची पाळी शेवटी गं बाई," एक जण म्हणाली, "तुमच्याकडे दुसऱ्याची पाळी घ्यायची रीत आहे ना." बायका हसल्या. थोरली तिथंच होती, दोर ओढत होती. धाकटीनं तिच्याकडे पाहिलं. थोरलीनं घागर वर घेतली, काठाचं पाणी निपटलं आणि आपली वाट धरली.

त्या वाटेवर पहिल्यांदा तिला घागर जड वाटली. तिनं ती दुसऱ्या कडेवर घेतली.

पुढच्या आठवड्यात प्रभुभोजन होतं, प्रभूच्या आठवणीत भाकर आणि प्याला वाटून घ्यायचा विधी. त्याच्या आधी एका संध्याकाळी प्रार्थनाघराचे पाळक सगळ्यांना बसवून त्याचा अर्थ सांगायचे. पाळक म्हातारे होते, दमेकरी होते आणि बोलता बोलता हातानं काहीतरी दुरुस्त करत राहायची त्यांना सवय होती. त्या दिवशी मोडकी खुर्ची समोर घेऊन ते वेताच्या पट्ट्या ओवत होते. त्या प्रार्थनाघरात एकेका घराचा एकेक बाक होता आणि प्याला एकच, हातातून हातात जाणारा. दोन्ही भावांचा बाक एकच होता. धाकटी लग्न होऊन आल्यापासून तिला प्याला थोरलीच्या हातून मिळायचा. आज बाकाच्या एका टोकाला थोरली आणि तिचा नवरा होते, दुसऱ्या टोकाला धाकटा आणि धाकटी. मधे दोन माणसं मावतील एवढं लाकूड मोकळं होतं.

"नवा करार म्हणतो आपण," पाळक म्हणाले. "प्याला हातात घेताना दरवेळी म्हणतो. पण नवा कशाला लागला? जुना वाईट होता का? नव्हता. देवानं दगडावर लिहून दिला होता. दगड खरा होता, अक्षर खरं होतं. माणसांनी हात वर करून सांगितलं, पाळू. आणि दगड अजून हातात होता तोवर मोडलासुद्धा. दगडात खोट नव्हती. खोट हातांत होती." त्यांना ढास लागली. ढास थांबेपर्यंत सगळे थांबले. "मग पुढं एक संदेष्टा आला, रडका माणूस होता बिचारा, त्यानं सांगितलं की देव नवा करार करणार आहे. या खेपेला दगडावर नाही, आत लिहिणार. काळजावर."

"काळजावर छिन्नी चालवायची म्हणजे दुखणार," मागून सुतार म्हणाला. थोडे लोक हसले. पाळकही हसले.

"दुखतंच. पण कुणाला दुखलं ते बघ. मोडलेल्या कराराची भरपाई कोण करतं? ज्यानं मोडला तो. ही जगाची रीत. इथं मात्र ज्याचा करार मोडला गेला, तोच खाली उतरला आणि म्हणाला, याचं काय ते माझ्या अंगावर येऊ दे. नियम खोडला नाही त्यानं. नियम पुरा केला, स्वतःच्या रक्तानं. म्हणून त्या प्याल्यात अट नाही. आधी नीट वागा मग देतो, असं नाही. आधी दिलं आहे. आणि तुमचं पाप मी पुन्हा आठवणार नाही, असंही म्हणाला. देवाला विसरायला होतं असं नाही. तो आठवत नाही, ठरवून." त्यांनी वेताची पट्टी दातांनी ओढून घट्ट केली. "मला याहून नीट सांगता येत नाही. इतकी वर्षं सांगतोय, दरवेळी काहीतरी हातातून निसटतं."

थोरलीला हे सगळं पाठ होतं. कुठल्या वाक्यानंतर कुठलं येणार हेही तिला ठाऊक होतं. ती मेजाकडे बघत होती, सकाळी पुसलेलं मेज स्वच्छ आहे ना याकडे. तेवढ्यात शेजारून आवाज आला. तिच्या नवऱ्याचा. प्रार्थनाघरात त्यानं आजवर प्रार्थनेच्या शेवटच्या शब्दापलीकडे तोंड उघडलं नव्हतं.

"मग दगडाचं काय करायचं?" त्यानं विचारलं.

पाळकांनी खुर्ची बाजूला ठेवली. "दगड असू दे," ते म्हणाले. "त्याच्यावरचं खोटं नाही. पण त्याला कुणाला पाणी पाजता येत नाही."

दुसऱ्या दिवशी पाळी सुरू व्हायच्या वेळेला थोरली बांधावर आली तर नवरा पाटात बसून माती थापत होता. धाकट्याच्या तोंडावर नव्हे. स्वतःच्या.

तिला आधी वाटलं, फळी फुटली. मग कळलं.

"अहो, हे काय चाललंय?"

"एक तोंड हंगामभर बंद राहायचं ठरलंय," तो म्हणाला. "राहील. आपलं राहील."

"पाणी त्यानं फोडलं."

"हो."

"मग माझ्या कांद्यांनी काय पाप केलं?"

त्यानं मातीचा आणखी एक गोळा लावला. तिनं तो पाण्यातून खेचून काढावा असं तिच्या हातांना वाटलं. रोप लावताना वाकून वाकून तिची कंबर धरली होती. खुरपणी करताना नखं तुटली होती. वर्षभराचं घर त्या वाफ्यांत होतं. ती पाटाच्या काठावर तशीच उभी राहिली.

नवरा उठून धाकट्याच्या तोंडाकडे गेला आणि वाळलेल्या मातीवर कुदळ उचलली. धाकटा पळत आला. त्यानं भावाचं मनगट धरलं.

"दादा, हात लावू नको."

"बाजूला हो."

"चोरी मी केली. मला फुकटचं नको. लोक काय म्हणतील? आणि उद्या तू मला काय मागशील?"

"काही नाही."

"काही नाही म्हणतो तोच सगळं मागतो," धाकटा म्हणाला. मग आवाज खाली आणून, "तू मोठ्या मनाचा आहेस दादा. पण माती वहिनीनं थापलीय. तिच्या मनात नसताना तुझं पाणी मी माझ्या रोपांना घातलं, तर ते पाणी मला रोज तिच्या तोंडावर दिसेल."

थोरली दोघांपासून हाकेच्या अंतरावर होती. तिला सगळं ऐकू आलं. आपल्याला ऐकू आलं नाही असं दाखवून ती घरी गेली.

आता दोन्ही तोंडं बंद होती. पाटाचं सगळं पाणी सांडव्यानं खाली जाई. सुतार सांगत फिरला, "एक उपाशी एक तुपाशी ऐकलं होतं. इथं दोघं भाऊ उपाशी आणि काटे तुपाशी." भावांनी एकमेकांशी भांडण केलं नाही, आणि तेच लोकांना विचित्र वाटत होतं. थोरला रोज वाफ्यांत जाऊन माती उकरून बोटांनी ओल बघायचा. धाकटा विहिरीच्या वाटेवर घागरी वाहायचा. थोरलीनंही घागरी वाहायला सुरुवात केली. आता दोघी जावा एकाच वाटेवर, एकीची भरलेली येताना दुसरीची रिकामी जाताना, आणि वाट एवढी अरुंद की एकीला दरवेळी बांधाखाली उतरून दुसरीला जागा द्यावी लागायची. दरवेळी धाकटी उतरायची. भरलेली घागर असली तरी.

एका दुपारी ती उतरली आणि तिचा पाय घसरला. घागर फुटली नाही, पण पाणी सगळं सांडलं. धाकटी तिथंच मातीत बसली, सांडलेल्या पाण्याकडे बघत. डोक्यावर चुंबळ ठेवून ठेवून तिचे केस तिथं विरळ झाले होते.

"उठ," थोरली म्हणाली.

"उठते ताई." ती उठली नाही. "ताई, ते ऐकत नाहीत. मी सांगून दमले. म्हणतात, ज्या हातांनी माती लावली त्या हातांनी निघाली तर घेईन, नाहीतर हंगाम संपला की गाव सोडू. कांदे जातील त्याचं मला एवढं नाही. पण गाव सोडलं तर बाकावर माझ्या शेजारी कोण बसणार?" तिनं पदरानं नाक पुसलं. "तुमच्याकडे मागतेय असं समजू नका. मागायला तोंड नाही आम्हाला. नुसतं सांगितलं."

थोरलीनं आपल्या घागरीतलं अर्धं पाणी तिच्या घागरीत ओतलं आणि पुढं गेली. आपल्या वाफ्याशी पोचेपर्यंत तिला वाटत राहिलं की आपण बरंच दिलं. मग वाटलं, अर्धं दिलं.

दुसऱ्या सकाळी ती नेहमीसारखी उठली. घागर भरली. तोंडात पाण्याचा थेंब न घालता बांधानं निघाली. प्रार्थनाघराची वाट पाटाच्या फाट्यावरूनच जायची. फाट्याशी ती थांबली. उजेड नुकता पसरत होता, दगडावरची अक्षरं वाचता येत होती. तिनं ती वाचली. एकही शब्द खोटा नव्हता. त्यात तिच्या बाजूचं सगळं होतं, आणि तरी ते वाचून तिला आधीसारखा आधार वाटला नाही. ती मनात म्हणाली, देवा, मी तुझा नेम एकदाही मोडला नाही. आणि म्हणताना तिला ऐकू आलं की हे देवाला नव्हे, दिराच्या अंगणात उभं राहून त्याला ऐकवल्यासारखं झालं.

घागर खाली ठेवून ती पाटात उतरली. धाकट्याच्या तोंडावरची माती विटेसारखी कडक झाली होती. तिनं बोटं घातली, जागा मिळेना. काठावरचा चपटा दगड घेऊन ठोकलं तर नुसते कपचे उडाले. चोख काम होतं, तिचंच. पाटाचं पाणी मातीच्या बुडाला लागून सांडव्याकडे वळत होतं, वरच्या थरापर्यंत पोचत नव्हतं. ओंजळीनं वर उडवलेलं पाणी मुरायच्या आत ओघळून जाई, माती मऊ करायला वरून संथ धार हवी होती.

तिनं घागरीकडे पाहिलं. मग प्रार्थनाघराच्या दिशेला पाहिलं. तिथली सुरई रिकामी राहील. मेज पुसलं जाणार नाही.

तिनं घागर उचलली आणि नेमाचं पाणी मातीवर ओतलं. हळूहळू, एका जागी, मुरायला वेळ देत. माती काळी पडली, मग तिच्यात बोट रुतलं. ती दोन्ही हातांनी माती काढू लागली. भुसा नखांत शिरला. कोपरापर्यंत चिखल झाला. शेवटचा थर हलला तशी तिनं फळी धरून वर ओढली, पाणी आधी चुळकाभर, मग हाताच्या रुंदीनं आत शिरलं आणि धाकट्याच्या शेताकडे चालू लागलं. वाटेत सुकी पानं, काड्या, एक मेलेला भुंगा, सगळं पुढं ढकलत.

ती तिथंच पाटात बसून राहिली.

पाण्याचा आवाज ऐकून धाकटा आला. मागून धाकटी. तो काही वेळ पाण्याकडे, मग वहिनीच्या हातांकडे बघत उभा राहिला.

"अट काय वहिनी?" त्यानं विचारलं.

"अट नाही."

"आणि मी पुन्हा फोडलं तर?"

तिला खरं बोलायचं होतं. "ते तुमच्या दादाला विचारा," ती म्हणाली. "मला अजून इथपर्यंतच आलंय."

धाकटा आपल्या वाफ्यांकडे गेला नाही. तो दगडाजवळ खाली बसला, तोंड फिरवून, आणि त्याची पाठ हलत राहिली. पलीकडून थोरला बैल घेऊन येत होता. उघडं तोंड दिसताच त्यानं बैल थांबवला. जवळ आला नाही.

थोरलीनं ओठांवरून जीभ फिरवली. ओठ सुकले होते. धाकटीच्या ते लक्षात आलं. तिला जावेचा नेम माहीत होता, सगळ्या गावाला माहीत होता. आणि तिला रिकामी घागर दिसत होती, आणि मातीवरचे ओले डागही.

"ताई, अजून प्यायला नसाल."

"नाही."

धाकटी पाटात उतरली. वाहत्या पाण्यात हात धुतले, खळखळून धुतले, मग ओंजळ भरली आणि थोरलीच्या तोंडापाशी धरली. बाकावर इतकी वर्षं प्याला थोरलीकडून धाकटीकडे गेला होता. थोरलीचे हात चिखलानं भरलेले होते, तिला ओंजळ धरता येईना. तिनं नुसती मान वाकवली.

पाण्याला मातीची चव होती. ती प्यायली.